दारातला शिपाई आणि कालव्यातलं मढं

"म्हंजी मी मेलोय का जित्ता हाय, तेवढं सांगा की बाई. त्या हिशेबानं कोट चढवाय बरं."

"चढवा की. मेल्या मानसाला काय थंडी वाजत न्हाई व्हय?"

"चेष्टा न्हाई, बेरिलबाई. सकाळधरनं इचारत फिरतोय. सामानवाला जो लोमॅक्स म्हनतोय, तू मेलास. तोंडं रंगवायच्या खोलीतली पोरगी म्हनती, आज तुमचं नाव माझ्याकडं न्हाई. आन् कोट तर खुंटीला माझ्याच नावानं टांगलाय."

बेरिल ओपनशॉनं गळ्यातलं घड्याळ पाठीवर टाकलं, बोटाला थुंकी लावली आणि हातातल्या संहितेची पानं उलटायला सुरुवात केली. मँचेस्टरच्या त्या स्टुडिओत कुणी कुठं उभं राहायचं, कधी काय बोलायचं आणि विसरला तर काय आठवून द्यायचं, हे सगळं बेरिल बघायची.

"हे बघा. सुरवातीलाच कालव्यातनं मढं वडत्यात. मढं म्हंजी तुमी. ते झालंय, फिल्मवर हाय, त्यात आता काय करायचं न्हाई. मंग हितं पोलीस ठानं. इन्स्पेक्टर आत येतो, दारातल्या शिपायाच्या हातात हॅट देतो आन् इचारतो, 'मढ्याची वळख पटली का रं?' शिपाई नुसती मान हालवून न्हाई म्हनतो. आन् शिपाई म्हंजी..."

तिचं बोट पानावरच राहिलं.

"त्यो बी मीच," एनॉक म्हणाला. "मढं बी मीच. आन् वळख पटली का म्हनून इचारनार बी मलाच. आता मी काय सांगू?"

"आगं बया!" म्हणून बेरिल तिथंच जाड्या वायरीच्या वेटोळ्यावर बसली.

एनॉक टॅटरसल ओल्डमचा. बाप गिरणीत, आई गिरणीत, बायकोही गिरणीतच गाठ पडलेली. अंगानं ताडमाड, आणि तोंड असं की दहा वेळा बघून अकराव्यांदा विसरावं. गिरणीचा मुकादम एका हिवाळ्यात "बघू" म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात फाटकाला कुलूप लागलं. मग कुणीतरी सांगितलं, मँचेस्टरला टेलिव्हिजनवाले नुसतं उभं राहायचे पैसे देतात. एनॉकला उभं राहायची सवय होतीच, गिरणीत बसायला कोण देतंय?

तिथं रांगेत देखणे होते, नाटकात कामं केलेले होते, मोठ्यानं हसणारे होते. पण टेलिव्हिजनवाल्यांना माणूस नको होता, कोटात मावणारा देह हवा होता. त्यांनी लिलावात खऱ्या पोलिसाचा एक जाडजूड कोट घेतलेला. कुण्या राक्षसासाठी शिवला होता कोण जाणे! जो घालेल तो त्यात बुडायचा. एनॉकनं घातला आणि बटणं लागली. कपडेवाली बाई म्हणाली, "हाच." कोटाला माणूस मिळाला.

'डॉकगेट' नावाची ती चोर-पोलिसांची मालिका. दर गुरुवारी संध्याकाळी लागायची. दिग्दर्शक आले-गेले, लेखक भांडून गेले, ठाण्यातला जमादार म्हणून काम करणारा नट दारू पिऊन पडला म्हणून काढला. कोट राहिला आणि कोटातला एनॉक राहिला. काम एकच. इन्स्पेक्टर रॅमस्डन दारातनं आत यायचा, न बघता डाव्या हाताला हॅट धरायचा. एनॉकनं ती घ्यायची, दार लावायचं. बोलायचं काही नाही.

रॅमस्डनचं काम डेस्मंड फेअरली करायचा. लंडनकडचा माणूस, उंचीनं बेताचा. कॅमेरा त्याच्या उंचीला लावलेला असायचा, त्यामुळं दारातला शिपाई नाकाच्या वर कधी दिसायचाच नाही. देशाला दिसायची ती एक हनुवटी आणि पितळेची बटणं. दार लावताना एनॉक वाकला तरच चेहरा दिसायचा, तोही डोळा लवला तर हुकायचा. पण ओल्डमला तेवढंही पुरे होतं. बाया रस्त्यात अडवून म्हणायच्या, "एनॉक, तेवढी माझ्या सायकलची चौकशी कर की." तो म्हणायचा, "आवं, मी खोटा पोलीस हाय." त्या म्हणायच्या, "आसंना का, खऱ्याला तरी कुठं गावतीया?"

आता या कामाची रीत अशी. बाहेरचं जे काही असेल, कालवा, गल्ली, पाठलाग, ते आधी फिल्मवर घेऊन ठेवायचं. स्टुडिओतलं मात्र एका दमात, टेपवर, नाटकासारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत. टेप महाग, कापायची नाही. कुणी अडखळला तर अडखळला. भिंत पडली तरच थांबायचं, आणि तीही नटाच्या अंगावर पडली तर. म्हणजे बाहेरचं काम बरणीतलं लोणचं आणि आतलं काम तव्यावरची भाकरी. दोन्ही एका ताटात आल्यावरच कळायचं, लोणच्यात काय पडलंय ते.

आणि पडलं ते असं. काही आठवड्यांमागं सगळे कालव्यावर गेले होते. नवा दिग्दर्शक मिस्टर टेम्पलटन, तरुण, गळ्यात लांब मफलर. मढं म्हणून जो माणूस ठरवला होता तो आला, पाण्याचा वास घेतला, एकदा पाण्याकडं, एकदा टेम्पलटनकडं बघितलं आणि आलेल्या बसनंच परत गेला. त्याचं तरी काय चुकलं? वरच्या अंगाला रंगाच्या गिरण्या. कालवा कधी तांबडा, कधी निळा. त्या दिवशी जांभळा होता.

टेम्पलटन चहूकडं बघत म्हणाला, "कुणीतरी झोपा. अहो, तुम्ही... अं... उंच गृहस्थ. तुम्ही झोपाल का?"

इतक्या वर्षांत एखाद्या दिग्दर्शकानं एनॉकला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. त्यानं कोट काढला, जो लोमॅक्सच्या हातात दिला आणि पाण्यात उतरला. जो म्हणजे सामान आणणारा-नेणारा, एनॉकचा गिरणीपासूनचा दोस्त. काठावर शिपाई पाहिजे म्हणून जोनंच तो कोट घातला आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून उभा राहिला. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. लांबून कोण बघतंय?

मढं पालथं असायचं होतं. पण ओढून काठावर घेतल्यावर कॅमेरावाला म्हणाला, "तोंड वर केलं तर?" टेम्पलटननं मढ्याचं तोंड वर करून घेतलं. पाऊस भुरभुरत होता. "डोळे उघडे ठेवा. मिटू नका." एनॉकनं मिटले नाहीत. थेंब डोळ्यांत पडत होते, कॅमेरा जवळ जवळ येत होता, आणि एनॉकच्या मनात एकच, की आता माझा आख्खा चेहरा दिसणार.

"सुंदर!" टेम्पलटन म्हणाला. "अगदी मेलेले दिसता!"

घरी येऊन त्यानं हे विनीला सांगितलं. विनी म्हणजे बायको. एकाच गिरणीत, एकाच ओळीत दोघं लहानाची मोठी झालेली, त्यामुळं सगळा कारभार एकेरी.

"त्यात काय मोठं?" विनी म्हणाली. "दर इतवारी जेवून पडलास की तसाच दिसतूस."

आणि त्याच भागात लेखकानं शिपायाला मान हलवायला लावली. एवढ्या वर्षांत एकदाही मान हलवलेली नाही. मान हलवायची म्हणजे तोंड दिसायला पाहिजे, म्हणजे कॅमेरा वर घ्यायला पाहिजे. एनॉक हरखून गेला होता. दोन ठिकाणी तोंड दिसणार. ती दोन्ही तोंडं एकाच माणसाची आहेत आणि त्यातलं एक मेलेलं आहे, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना कॅमेरावाल्याच्या, ना फिल्म जोडणाऱ्याच्या. मढ्याचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता, पण शिपायाला चेहरा असतो हे कुणाला ठाऊक?

आता टेप चालू व्हायच्या दिवशी सकाळी ते उघडकीला आलं होतं.

बेरिल उठली आणि एनॉकला दंडाला धरून टेम्पलटनपुढं उभं केलं. "साहेब, ह्यांच्याकडं बघा."

टेम्पलटननं बघितलं. "बरं. कोण आहेत हे?"

"दारातला शिपाई."

"बरं मग?"

"आता ह्ये आडवं हायत असं समजा. तोंडावर पाऊस पडतोय."

टेम्पलटननं मान वाकडी केली. मग मफलर सैल केला. मग खुर्चीत बसला. "अरे देवा," तो म्हणाला. "तुम्ही दोघं एकच आहात?"

"तसं आसंल तर मला बी आत्ताच कळतंय, साहेब," एनॉक म्हणाला.

"मंग फिल्ममधलं तोंड कापा," बेरिल म्हणाली. "पालथं मढं ठेवा. कोन इचारतंय?"

"ते चित्र मी कापणार नाही! त्याच्याइतकं सुंदर काही या मालिकेत झालेलं नाही. मी हातसुद्धा लावू देणार नाही." टेम्पलटन एनॉककडं वळला. "असं आहे, मिस्टर... अं..."

"टॅटरसल."

"मिस्टर टॅटरसल, पडद्यावर मेलेला माणूस पुन्हा दारात उभा करता येत नाही. लोक मूर्ख नसतात. आज दारात दुसरं कुणीतरी उभं राहील. आणि तुमचं पुढं काय करायचं ते... बघू."

बघू. एनॉकला तो शब्द चांगला ओळखीचा होता. गिरणीचं फाटक, कुलूप, पावसात उभी राहिलेली माणसं, सगळं त्या शब्दामागून चालत आलं.

तो पडद्यामागं जाऊन खोक्यावर बसला. डोक्यात नुसती गिचमिड. आपलं तोंड कापणार नाहीत म्हणून बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग येत होता. एकदाच आख्खा चेहरा दाखवून कायमचं मरावं, का जन्मभर हनुवटी दाखवत जगावं? पण विचारलं होतं कुणी?

जो लोमॅक्स कोट घालून समोर येऊन उभा राहिला. कोटातनं नुसतं डोकं वर आलेलं, बिळातनं उंदरानं बघावं तसं.

"वाईट वाटून घिऊ नगं गड्या. मी काय मागून घेतलं न्हाई."

"माहीत हाय लेका. बाह्या तरी दुमड. फरशी झाडतूयास तू."

सराव सुरू झाला. फेअरली दारातनं आत आला, रुबाबात, न बघता डाव्या हाताला हॅट धरली. धरली ती एनॉकच्या छातीच्या उंचीला, सवयीनं. तिथं जोचं तोंड होतं. हॅटची कड नाकावर बसली, जो "आई गं" म्हणून मागं गेला, कोटात पाय अडकला, आणि पोलीस ठाण्याची फळीची भिंत मागच्या माणसांनी धरली म्हणून राहिली.

"हा कोण आहे?" फेअरली ओरडला. "माझा शिपाई कुठं आहे?"

"मेला," वर दिव्यांपाशी बसलेला कुणीतरी म्हणाला, आणि सगळे हसले.

पुन्हा केलं. फेअरलीनं हात खाली धरला तर तो वाकलेला दिसू लागला. जोला खोक्यावर उभं केलं तर कोटाखालनं खोकं दिसायला लागलं. फेअरली चिडून खोलीत गेला आणि दार आपटून म्हणाला, "चहा पाठवा आणि टेप सुरू होईपर्यंत मला कुणी बोलवू नका."

शेवटी तोंडं रंगवणाऱ्या पोरीनं तोडगा काढला. "मिशी लावू या की. जुन्याच शिपायाला. मिशी लावली की मानूस बदलतो. माझा बाप मिशी काढून आला तर कुत्रं भुकलं व्हतं त्याच्यावर."

टेम्पलटननं हात वर केले. "लावा. काहीही लावा. आजच्यापुरतं."

मग एनॉकला खुर्चीत बसवून ओठावर गोंद लावला. थंडगार, कालव्याच्या पाण्यासारखाच वास. वर झुपकेदार मिशी बसवली. एनॉकनं आरशात पाहिलं. आत कुणी भलताच गडी होता, जरा मूर्ख पण मनानं चांगला असावा असा. त्यानं कोट घातला. बटणं लागली. तो दारात जाऊन उभा राहिला, आणि आपण आता कोण आहोत हे कुणाला विचारावं हे काही त्याला समजेना.

एक गोष्ट राहिली. फेअरलीला हे सांगायचं राहिलं. टेम्पलटनला वाटलं बेरिल सांगेल. बेरिलला वाटलं चहा घेऊन गेलेली पोरगी सांगेल. पोरीला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय सांगायचं?

टेप फिरायला लागली. आधी कालव्याची फिल्म गेली. मग ठाण्यावरचा लाल दिवा लागला. दार उघडलं, फेअरली आत आला, डाव्या हाताला हॅट धरली. पण आज कॅमेरा वर होता, आणि शिपायाच्या तोंडाकडं बघायची त्याला सूचना होती. त्यानं वर पाहिलं. दारात झुपकेदार मिशीचा कुणी परका राक्षस उभा होता.

फेअरलीचा हात हवेत राहिला. त्यानं हॅट दिली नाही. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. पाठ केलेलं सगळं उडून गेलं. एवढी वर्षं एकदाही न अडखळलेला माणूस खुंटीसारखा उभा.

अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं असतं. बेरिलच्या हाताशी एक बटण असतं. ते दाबलं की सगळ्या स्टुडिओचा आवाज बंद होतो, टेपवर नुसतं चित्र जातं, तेवढ्यात विसरलेला शब्द मोठ्यानं सांगायचा आणि बटण सोडायचं. घरी बघणाऱ्याला वाटतं, माणूस विचार करतोय. बेरिलनं बटण दाबलं.

आणि नेमकं तेव्हाच एनॉक बोलला.

"मीच हाय, साहेब. एनॉक. द्या हॅट."

इतक्या वर्षांत त्या दारात तो हे पहिलंच वाक्य बोलला होता. स्पष्ट, ठणठणीत, ओल्डमच्या भाषेत.

"कोण एनॉक?" फेअरली पुटपुटला.

"मढ्याची वळख पटली का रं!" बेरिल अंधारातनं ओरडली, आणि बटण सोडलं.

"मड्याची ओळक पटली का रे?" फेअरली म्हणाला. आमच्याकडची बोली त्याच्या तोंडात उसन्या कवळीसारखी हलायची. पण हॅट त्यानं दिली. एनॉकनं ती घेतली आणि आरशातल्या त्या मिशीवाल्या गड्यासारखी हळूहळू मान हलवली. न्हाई. नाही पटली. आणि खरंच, तो खोटं बोलत नव्हता.

टेप थांबली नाही. भिंत पडली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी विनीनं कांदा घालून दुधात वजडी शिजवली. शेजारची आयडा आली, विणकाम घेऊनच. टेलिव्हिजन भाड्याचा, गरम व्हायला वेळ घ्यायचा. आधी नुसता उजेडाचा ठिपका दिसला, मग कालवा दिसायला लागला.

"ह्यो जो न्हवं का, पाठमोरा?" आयडा म्हणाली. "कोट बघ की त्याचा, आजाच्या अंगातला घातल्यागत."

मग कॅमेरा खाली आला, आणि पडदा भरून एनॉकचं तोंड. डोळे उघडे. पाऊस डोळ्यांत पडतोय आणि पापणी हलत नाही.

विनीच्या हातातला चमचा ताटलीवर ठेवला गेला. आवाज झाला नाही. तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं नाही. पडद्याकडंच बघत राहिली. एनॉकला काहीतरी म्हणावंसं वाटलं, "आगं, मी हाय की हितं," असं काहीतरी. पण ते चित्र चालू असताना कसं बोलायचं, हे त्याला कळेना. जसा काही तोही आडवाच झाला होता.

मग ठाणं आलं. दार उघडलं. रॅमस्डन आत आला, वर पाहिलं, आणि गप्प झाला. घरात आवाज नाही, टेलिव्हिजनमध्येही आवाज नाही. शिपायाची मिशी जराशी हलली. रॅमस्डनचे ओठ हलले. कसलाच शब्द ऐकू आला नाही.

"आयायाया," आयडाच्या सुया थांबल्या. "ह्यो तर त्याचा भाऊ!"

"कुनाचा?" एनॉकनं विचारलं.

"मढ्याचा! आंधळा हाईस का? त्येच नाक, त्येच डोळं. भाऊ दारात हुबा हाय आन् त्याला ठावंच न्हाई. म्हनून तर इन्स्पेक्टरच्या तोंडनं शब्द फुटंना. कसं सांगायचं बिचाऱ्याला?" तिनं नाक ओढलं. "बघ, मान हालवतोय. वळख न्हाई पटली म्हनतोय. सख्ख्या भावाची!"

"आयडा, त्यो मीच हाय. दोनी बी मीच हाय."

"तू गप रं. तुला काय कळतंय त्यातलं?"

आयडा डोळे पुसत घरी गेली. जाताना रस्त्यावरच्या दोन बायांना सांगून गेली, आणि त्यांनी टॅटरसलच्या घराकडं बघत आपापल्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. गल्लीत कुणी वारलं की तसं करायची रीत. एकीनं तर खिडकीतनं एनॉकलाच हात हलवून हसूनही दाखवलं.

विनीनं चहा टाकला. एनॉकच्या पुढं मोठा कप ठेवला, जो पाहुण्यांना असतो. मग त्याच्या ओठाकडं बघितलं. गोंदानं कातडी लालभडक झाली होती.

"चरबी लाव त्याला जरा," ती म्हणाली.

"कसं दिसलो?"

"मेल्यावर बरा दिसत व्हतास." तिनं आपल्या चहात साखर हलवली, जरा जास्तच वेळ. "मला वाटलं व्हतं हसाय येईल."

"मंग?"

"न्हाई आलं." मग म्हणाली, "सोमवारी जायचं हाय का?"

"आजच्यापुरतं म्हनलाय. आन् म्होरलं बघू."

"बघू म्हनला?"

"व्हय."

"मंग गिरणीवानीच," विनी म्हणाली, आणि दोघं चहा प्यायले.

सोमवारी तो गेला. येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं, ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. बसमध्ये तिकीटवाला म्हणाला, "भावाचं ऐकून वाईट वाटलं बघा." एनॉकनं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, त्यालाच ठाऊक नव्हतं.

स्टुडिओच्या दारात बेरिल भेटली. तिच्या हातात नव्या भागाची पानं.

"बरं झालं आलासा. फोन वाजून वाजून तारा तुटायच्या बाकी हायत. आख्ख्या लँकशायरातल्या बायांना एकच कळाय पायजे, त्या बिचाऱ्या भावाचं म्होरं काय झालं? टेम्पलटनसाहेब तर सांगत सुटलाय, इन्स्पेक्टरचं ते गप ऱ्हानं त्यानंच योजलं व्हतं म्हनून. फेअरलीसाहेब म्हनतोय, मी योजलं व्हतं. लेखकानं रातभर बसून तसं लिवलंय."

"कसं?"

"तुमी तुमचा भाऊ हायसा. दारातल्या शिपायाचा भाऊ बुडून मेला, असं."

"आन् मी?"

"तुमी मेलासा की."

"म्हंजी मला काढलं?"

"आवं कशाला काढत्यात? तुमी हायसा की. मिशीवाले. दर भागात. मिशी आता काढायची न्हाई म्हनं, लोकांना सवय झालीया."

एनॉकचं काम टिकलं होतं. हे नक्की कळत होतं. पण बाकीचं काही जागेवर बसत नव्हतं. "मंग माझं तोंड?" त्यानं विचारलं. "ह्ये, बिनमिशीचं?"

"ते कालव्यात गेलं," बेरिल म्हणाली, आणि पान उलटलं. "हितं बघा. तिसऱ्या प्रवेशात तुमी थडग्यावर फुलं वाहायला जायचं हाय."

"कुनाच्या?"

"तुमच्या."

तेवढ्यात जो लोमॅक्स हातगाडीवर पुठ्ठ्याचा दगड घेऊन चालला होता. दगडावर अजून नाव रंगवलेलं नव्हतं. "काय नाव लिवायचं रं गड्या?" तो ओरडला. "शिपायाला कवा नावच नव्हतं, मंग भावाला कुठनं आणू?"

"मला काय इचारतूस लेका?" एनॉक म्हणाला. "मी नुसता मेलोय."

रंगवायच्या खोलीत पोरीनं गोंदाची बाटली उघडली. वास आला तसे एनॉकचे डोळे आपोआप उघडेच राहिले. तिनं मिशी दाबून बसवली, "बोलू नगा आता, सुकंस्तवर," म्हणाली. बोलायचं होतं कुठं?

त्यानं खुंटीवरनं कोट काढला, बटणं लावली आणि दारात जाऊन उभा राहिला. थडग्याचं कसं करायचं, रडायचं का नुसतं उभं राहायचं, हे बेरिलला विचारायचं राहूनच गेलं. फेअरली बाहेरून आला. आज त्यानं आत यायच्या आधीच थांबून वर बघून घेतलं, मिशी आहे ना ते. मग न बघता डाव्या हाताला हॅट धरली.

एनॉकनं ती घेतली आणि दार लावलं.